ब्लुएतनं लावलेलं घड्याळ

न्यूमा कालाम आमच्या ला शो-द-फोंमध्ये डोक्यावरच्या विजेच्या तारेवर धावणारी बस चालवायचा. आमच्या गावात रस्तेच मुळी फूटपट्टी ठेवून आखलेले, त्यामुळे नाकासमोर चालणाऱ्या माणसाचं इथं कुणाला कौतुक नाही. न्यूमाचंही कधी झालं नाही. उन्हाळा असो की छातीएवढं बर्फ, तो डावा हात त्या परातीएवढ्या चाकावर टेकवून स्टेशनपासून वरच्या इस्पितळापर्यंत जायचा आणि परत यायचा. म्हाताऱ्या बायका चढल्या की त्या बसेपर्यंत गाडी हलवायचा नाही. एवढीच त्याची कीर्ती.

त्याला नाद एकच, जुनी घड्याळं. आता आमच्याकडे घड्याळं जमवणं म्हणजे कोळ्यानं हौसेनं बोंबील विकत आणण्यातला प्रकार. इथं प्रत्येक घरात कुणीतरी चाकं घासलेली असतात, कुणीतरी काटे निळे केलेले असतात, आणि प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये बंद पडलेली चारदोन तरी सापडतात. लोक हसायचे. पण न्यूमा जी घड्याळं आणायचा ती पाहून तर आणखी हसायचे. जुन्या बाजारात सगळ्यांनी उलटसुलट करून टाकून दिलेलं जे उरेल, ते नेमकं याला आवडायचं. एकाची तबकडी उन्हानं चहाच्या रंगाची झालेली. एकावरचा चारचा आकडा पोट सुटल्यासारखा. एक बायकांचं, इतकं लहान की त्याच्या मनगटावर शर्टाच्या बटणासारखं दिसायचं. "हे बघ, हसतंय," असं म्हणून तो ते बायकोपुढे धरायचा.

"तुझ्याकडे बघून कुणीही हसेल," ब्लुएत म्हणायची.

दर रविवारी सकाळी तो सगळी घड्याळं जेवणाच्या टेबलावर मांडायचा आणि ब्लुएतनं एक निवडायचं. ते त्या दिवशी न्यूमाच्या हातावर. ती कधी पावसाकडे बघून निवडायची, कधी त्याच्या स्वेटरकडे बघून, तर कधी आदल्या दिवशी भांडण झालेलं असलं तर मुद्दाम ते बटणाएवढं. हौसेला मोल नसतं म्हणतात. या दोघांच्या हौसेला खरोखरच फारसं मोल नव्हतं, आणि त्यामुळे घरात कसली चिंताही नव्हती.

ब्लुएत स्वतः कारखान्यातली. बालकमानी बसवणाऱ्या बायकांमधली. घड्याळाच्या पोटात केसाहून बारीक गुंडाळलेली ती कमानी असते, तिच्या श्वासावर सगळं घड्याळ चालतं. ती चिमट्यानं वाकवायची, बसवायची, मग घड्याळ कधी उताणं, कधी पालथं, कधी कुशीवर ठेवून कान लावून ऐकायचं आणि पुन्हा किंचित वाकवायची. हे काम बायकाच करत. पुरुष म्हणत, आमची बोटं जाड. बायका म्हणत, बोटं नाही, धीर कमी. ब्लुएतची बोटं अशी होती की मुकादम नव्या मुलींना तिच्याशेजारी बसवायचा.

मग ती बॅटरीची घड्याळं आली आणि आमच्या गावाचा कणाच मोडला. ब्लुएतचा कारखाना एका वसंतात बंद पडला. शेवटच्या आठवड्यात ड्रॉवर रिकामे करायला सांगितलं, आणि माल भंगारात जाणार होता म्हणून कुणी काय नेतंय हे कुणी पाहिलं नाही. ब्लुएतनं घड्याळाच्या पोटातलं एक मशीन घेतलं, त्यावर बसणारी एक साधी पोलादी केस घेतली, आणि नमुन्यांच्या खणातून एक तबकडी घेतली. धुरकट हिरवी, आकड्यांच्या जागी ठिपके, कडेला केसाएवढी काळी रेघ. हे सगळं जुळवून, बालकमानी स्वतः बसवून, तिनं न्यूमासाठी एक घड्याळ तयार केलं. ते त्याच्या हातावर बांधताना म्हणाली, "घे. आता यापुढे मी चिमटा हातात धरणार नाही." आणि तिनं धरला नाही. पुढे ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली आणि चादरींच्या घड्या घालत निवृत्त झाली.

ते घड्याळ न्यूमा कामावर वापरायचा, रविवारच्या निवडीत ते कधी नसायचं. एक मिनिट पुढे नाही, एक मिनिट मागे नाही. स्टेशनच्या घड्याळाशी वाद झाला तर न्यूमा म्हणायचा, "स्टेशन चुकतंय." आणि बहुतेक वेळा स्टेशनच चुकत असायचं.

तो निवृत्त झाला आणि गंमत म्हणजे ते घड्याळ बिघडलं. रोज थोडं थोडं मागे पडू लागलं. न्यूमा ब्लुएतला म्हणाला, "तुझं घड्याळ म्हातारं झालं बघ."

"तू घरी बसलास, आता ते तरी कशाला धावेल?" ती हसून म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली. त्यानं पुढे काही विचारलं नाही.

रिकामा माणूस कुठेतरी जाऊन बसतोच. न्यूमा स्टेशनमागच्या कॅफेत भरणाऱ्या जुन्या घड्याळांच्या मंडळात जाऊन बसू लागला. मंडळाचे कर्तेधर्ते होते ओबेर, निवृत्त दंतवैद्य. अर्ध्या गावाचे दात त्यांनी उपटलेले, त्यामुळे त्यांच्यापुढे तोंड उघडायची सवय फार जणांना नव्हती. वाईट माणूस नव्हता. घड्याळांवर त्यांचं खरं प्रेम होतं, फक्त ते प्रेम आधी पुस्तकात नाव शोधायचं आणि मग घड्याळाकडे बघायचं.

न्यूमानं पहिल्या दिवशी कौतुकानं ते चहाच्या रंगाचं काढून दाखवलं. ओबेरनी भिंग लावलं, काढलं.

"का घेतलंत हे?"

"आवडलं."

"आवडलं!" ओबेर बाकीच्यांकडे बघून म्हणाले. "मस्यू कालाम, आवडतं म्हणून घेतं ते गिऱ्हाईक. मिळत नाही म्हणून घेतो तो संग्राहक. असली हजारोंनी आहेत."

सगळे हसले. न्यूमाही हसला, पण घरी येताना त्यानं ते घड्याळ खिशात ठेवलं. मला विचाराल तर त्याचं नुकसान त्याच संध्याकाळी झालं, पुढचं सगळं नुसतं घडत गेलं.

हळूहळू त्याची भाषा बदलली. घड्याळ हसतंय असं तो म्हणेना. ही किती निघाली, कोणत्या साली, केस कधी घासली गेली आहे का, काटे मूळचे आहेत का, असलं बोलू लागला. एकेक करून आवडती घड्याळं गेली आणि त्यांच्या जागी दुर्मीळ आली.

"ते चहाच्या रंगाचं दिसत नाही?" एका रविवारी ब्लुएतनं विचारलं.

"दिलं. सामान्य होतं."

"मला आवडायचं ते."

"इथं आवडण्याचा प्रश्नच नाही गं."

"मग कशाचा आहे?"

न्यूमानं ओबेरचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. ब्लुएतनं ते ऐकून घेतलं आणि टेबलावरच्या तीन घड्याळांकडे बघितलं. तिन्ही घातली तर ओरखडा येणार, घाम लागणार, किंमत उतरणार. "म्हणजे निवडायचं काहीच नाही," ती म्हणाली आणि कॉफी करायला उठली. त्यानंतर रविवारी घड्याळं मांडणं बंद झालं. नंतर तर ती घड्याळं बँकेच्या लॉकरमध्येच राहायला गेली. घड्याळांचा एवढा मोठा शौकीन, आणि उघड्या मनगटानं हिंडायचा, किती वाजले ते बायकोला विचारायचा.

एकदा मात्र तो मागे पडणारं ब्लुएतचं घड्याळ घालून मंडळात गेला. त्याला आपलं वाटलं, कुणी नीट करून देईल. ओबेरनी त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही.

"ही तबकडी कुठे मिळाली?"

न्यूमानं सांगितलं. ओबेरनी लगेच वेळ मोजायच्या यंत्रावर ते घड्याळ तपासायला लावलं. कागदाच्या पट्टीवर रेघा उमटल्या, घड्याळ उताणं ठेवलं की एक तऱ्हेच्या, कुशीवर ठेवलं की भलत्याच. "मशीन सुमार आहे," ओबेर म्हणाले. "कडेची चावी खाली येईल असं धरलं की मागे पडतं, वर आली की बरोबर. असं कुणी घड्याळ लावतं का? पण ही तबकडी! कारखान्यानं गिर्यारोहकांच्या संघासाठी थोडीशी घड्याळं काढली होती, त्यांची ही तबकडी. बहुतेक सगळ्या ओलीनं सडल्या. जिनिव्हात एकाकडे त्यातलं एक घड्याळ आहे, सगळं मूळचं, फक्त तबकडी कुणीतरी रंगवलेली. तुम्ही ते घ्या आणि ही त्यावर चढवा. तसं पुरं घड्याळ मी आयुष्यात पाहिलेलं नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच, जे कुणाकडे नाही ते त्याच्याकडे असणार होतं. घरी येऊन त्यानं ब्लुएतला विचारलं, कारण तो काही चोर नव्हता.

"तुझ्या त्या घड्याळाची तबकडी घेऊ का?"

"घड्याळ तुझं आहे. मी तुला दिलंय."

"नाही, म्हणजे मंडळात सगळे म्हणतात की—"

"तबकडी घे की," ती म्हणाली. "तबकडी मला ड्रॉवरमध्ये मिळाली. बाकीचं ठेव."

"बाकीचं कुठे पळतंय?" न्यूमा म्हणाला.

शरद ऋतूत मंडळाचं तोरे असतं. वरच्या कुरणात लाकडं पेटवायची, निखारे झाले की कोबीच्या पानात गुंडाळलेली सॉसेजं राखेत पुरायची, आणि ती भाजेपर्यंत पांढरी वाइन प्यायची. त्या वर्षीच्या तोरेत न्यूमानं जिनिव्हाहून आणून हिरव्या तबकडीनं पुरं केलेलं घड्याळ हातोहात फिरलं. माणसं बोटं पुसून ते हातात घेत होती. ओबेरनी पेला उचलला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आता आपण एकमेकांना तूच म्हणू. मी एदमों."

आमच्याकडे ही लहान गोष्ट नाही. माणसं शेजारशेजारी राहून तुम्ही-तुम्ही करत मरतात. न्यूमानं पेल्याला पेला लावला आणि "चिअर्स, एदमों" म्हणून पेला एका दमात रिकामा केला. इतकी वर्षं बस चालवून त्याला कुणी असं जवळ केलं नव्हतं. त्याची ही भूक मला समजते, म्हणून मला त्याला हसता येत नाही.

उरलेलं घड्याळ, म्हणजे ती केस आणि ते सुमार ठरलेलं मशीन, ड्रॉवरमध्ये पडलं. वसंतातल्या मोठ्या बाजारात बिएन गावचा एक व्यापारी येतो, तो सुटे भाग पिशवीनं घेतो, स्क्रू आणि चाकं काढतो, उरलेलं वितळवायला देतो. संग्राहकांची रीतच आहे ती. जे शुद्ध नाही ते भागांत जातं. न्यूमानं ड्रॉवर साफ करताना सगळं एकाच पिशवीत ओतलं आणि दिलं. त्यानं ते मशीन पिशवीत पडताना पाहिलं होतं, विसरला वगैरे नव्हता. त्याला वाटलं, तबकडी तर आपण जपलीच आहे.

मग ब्लुएतची नजर गेली. सगळी नाही. समोरचं पुसलं गेलं आणि कडा उरल्या. न्यूमाला पाहायचं तर तिला मान वळवून खिडकीकडे बघावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, थांबवता येईल, परत आणता येणार नाही.

एका सकाळी न्यूमा तिच्यासाठी पावाला लोणी लावत होता.

"न्यूमा, ते माझं घड्याळ कुठे आहे?"

"कोणतं?"

"मी किती केली होती? एकच तर केलं. आता वेळ तर दिसत नाही, पण कानाशी ठेवीन म्हणते. घर फार गप्प झालंय."

न्यूमाच्या हातात सुरी तशीच राहिली. "दुरुस्तीला दिलंय," तो म्हणाला. "आणतो."

आणि त्यानं खरोखर आणायचं ठरवलं. इथं त्याला कुणी लबाड म्हणू नये. त्यानं बाजारात हिंडून त्याच कारखान्याचं, त्याच मशीनचं, तसल्याच पोलादी केसचं साधं घड्याळ शोधलं. लॉकर उघडून ते दुर्मीळ बाहेर काढलं. तबकडी उतरवून साध्यावर चढवायची, म्हणजे झालं ब्लुएतचं घड्याळ. दुर्मीळ गेलं तर गेलं. त्याला तर उलट हलकं वाटत होतं. पण ओबेरना न सांगता करणं त्याला जमेना.

"तू वेडा झालास?" ओबेर कॅफेत सगळ्यांसमोर ओरडले. "तबकडी म्हणजेच घड्याळ! बाकी सगळं लोखंड."

"म्हणूनच तर. ती तबकडी तिची आहे."

"तिला दिसते का?"

"मला दिसते ना."

"बाजारातून काहीतरी टिकटिकणारं घे आणि दे तिला. तिला काय कळणार आहे?"

न्यूमानं कॉफीचे पैसे टेबलावर ठेवले. ओबेरनी टोपी घातली, मफलर नीट केला. "जशी तुमची मर्जी, मस्यू कालाम," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून दोघांमध्ये पुन्हा तुम्ही सुरू झालं.

रविवारी दुपारी ब्लुएत खिडकीशी बसली होती. बाहेर छपरावरचं बर्फ वितळून गळत होतं. न्यूमानं घड्याळाला चावी दिली आणि ते तिच्या तळव्यावर ठेवलं. कित्येक वर्षांनी त्याला स्वतःचा अभिमान वाटत होता.

तिनं बोटांनी केस चाचपली, पट्टा चाचपला. मग मान कलती करून घड्याळ कानाशी नेलं. उताणं धरलं. पालथं केलं. कुशीवर धरलं, चावी वर, मग चावी खाली. न्यूमा तिच्याकडे बघत उभा होता. तिचा चेहरा कारखान्यातल्या बाईचा झाला होता, तो चेहरा त्यानं फार वर्षांत पाहिला नव्हता.

"छान लावलंय," ती म्हणाली. "सगळीकडून सारखं. आमच्यातलीच कुणीतरी चांगली बाई असणार."

"मग?"

"पण हे माझं नाही, न्यूमा."

"असं कसं? तीच तबकडी आहे बघ, ती हिरवी—"

"तबकडीचं काय घेऊन बसलास? मी काय तबकडी केली होती?" ती वैतागली नव्हती, समजावत होती, शेजारी बसवलेल्या नव्या मुलीला समजावावं तशी. "माझं सगळीकडून सारखं नव्हतंच. मुद्दाम नव्हतं ठेवलं. लोकांचा हात खाली लोंबतो, तुझा दिवसभर चाकावर वर. म्हणून मी चावी वर असताना बरोबर चालेल असं लावलं होतं. किती दिवस घालवले त्याच्यावर! मुकादमानं पाहिलं असतं तर हाकललं असतं मला. पण कारखाना बंदच होत होता, मला कोण हाकलणार?" ती हसली. "म्हणून तर तू घरी बसल्यावर ते मागे पडायला लागलं. मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं असेल."

न्यूमाला खुर्ची सापडेना. ब्लुएतनं खिडकीकडे मान वळवली, म्हणजे ती आता त्याच्याकडे बघत होती.

"माझं कुठे गेलं?"

"दिलं," तो कसंबसं म्हणाला. "एका माणसाला."

"घालतो ना तो?"

खरं सांगायचं तर एवढंच सांगायचं होतं, की नाही, ते स्क्रूंसाठी फोडलं. न्यूमाचं तोंड उघडलं आणि त्यातून "घालतो" असं निघालं.

"अरे देवा!" ब्लुएत म्हणाली. "मग त्या बिचाऱ्याचं रोज मागे पडत असणार. त्याला वाटत असेल घड्याळ खराब आहे. बस चालवतो का तो?"

"नाही."

"फोन कर त्याला. सांग, खराब नाहीये, दुसऱ्याच्या हाताला लावलंय. कुणाकडून तरी आपल्या हाताला लावून घे म्हणावं. जा ना, आत्ताच कर. लोक असं समजून टाकून देतात रे."

न्यूमा बोळात गेला. फोन भिंतीवर होता. त्यानं रिसीव्हर उचलला, कोणताही नंबर फिरवला नाही, आणि बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागला. "मस्यू, मी कालाम. ते घड्याळ, जे मी तुम्हाला दिलं... नाही, ते खराब नाही. ते माझ्या हाताला लावलेलं आहे. माझ्या बायकोनं. मी बस चालवायचो." तो रिसीव्हर कानाला लावून तसाच उभा राहिला, आणि रिसीव्हरमध्ये रिकाम्या लाइनची घरघर चालूच होती.

खोलीतून ब्लुएतनं हाक मारली, "काय म्हणाला?"

"म्हणाला, टाकणार नाही."